बिनकोपऱ्याचे घर

आपण कधी विहिरीत संसार केला आहे काय? नसेल, तर मला हसण्याचा आपला अधिकार मान्य आहे. गावाने तो यथेच्छ बजावला आहे.

मी वाटूर फाट्याजवळचे गोल घर बोलत आहे. माझा कर्ता भिवा गवंडी. त्याने उभा जन्म विहिरी बांधल्या. उतारवयात स्वतःसाठी घर बांधायला घेतले, तेव्हा त्याच्या पिशवीतून ओळंबा निघाला. काटकोन पाहण्याचा गुण्या निघाला नाही. तो त्याने कधी घेतलाच नव्हता. विहिरीला कोपरा नसतो आणि भिवाच्या हाताला दुसरे वळण ठाऊक नव्हते. त्याने काळा दगड गोल रचला, चुन्यात बसवला, वर पत्र्याची टोपी घातली आणि मला घर म्हटले.

लोक म्हणाले, "भिवाची विहीर जमिनीवर आली. आता पोहरा आभाळात सोडायचा का रं?"

भिवा म्हणाला, "माझी एक विहीर ढासळलेली दाखवा, मंग हसा."

कोणी दाखवली नाही. हसणे मात्र थांबले नाही.

खरे सांगायचे तर माझ्यात उणिवा आहेत. कपाट भिंतीला टेकत नाही. मागे जी फट राहते, तिच्यात दोन पिढ्यांचे कंगवे पडले आहेत. पलंग मधोमध ठेवावा लागतो; निजलेला माणूस दर्शनाला मांडल्यासारखा दिसतो. भिवाची धाकटी लेक सुमेधा लहानपणी रागावली की पाय आपटी. "आई, या घरात रुसून बसायला कोपरासुदिक न्हाई!"

"मंग रुसू नको," केशरबाई म्हणे आणि भाकरी थापत राही.

माझ्या भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात तथागतांची मूर्ती. रोज सांजेला वंदना होई. तीत सर्वांत मोठा आवाज थोरल्या भारतचा. खोटे न बोलण्याचे शील तो अशा जोराने म्हणे की वरचा पत्रा थरथरे. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. शील पाळणाऱ्याला ते ओरडावे लागत नाही.

भिवा गेला. भारतने जालन्यात सिमेंट-पत्र्याचे दुकान काढले. सुमेधा अंबडच्या एका दवाखान्यात नर्स झाली आणि चार कोपऱ्यांच्या भाड्याच्या खोलीत सुखाने राहू लागली. माझ्यापाशी उरली केशरबाई. तिची नजर हळूहळू विझली. मग तिने एक युक्ती काढली. भिंतीला तळवा लावायचा आणि चालत राहायचे. चूल आली, माठ आला, कोनाडा आला, दार आले. वाटेत कोपरा नाही, म्हणून आपटणे नाही. तिच्या तळव्याने माझ्या चुन्यावर काळपट, गुळगुळीत पट्टा उमटला. इतका मानाचा दागिना माझ्या अंगावर दुसरा नाही.

पुढे फाट्याचा रस्ता रुंद झाला आणि भारतला माझ्या जागी दुकानांची रांग दिसू लागली. त्याने वाटणीची घाई मांडली. आमच्याकडे रीत आहे : थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचा. थोरल्याच्या लोभाला याहून चांगली वेसण कोणी घातलेली नाही. पण लोभी माणसाला वाटते, वेसण दुसऱ्याच्या बैलाला आहे.

वाटे समान पडावेत म्हणून भारतने जालन्याहून किंमत ठरवणारे बद्रीनाथ साहेब आणले. साहेबांनी मला एक फेरी मारली. मग दुसरी मारली. सुरुवात कोठे झाली हे न कळल्याने तिसरी मारली.

"आम्ही किंमत मनानं धरत नसतो," ते म्हणाले. "जवळपास असंच घर विकलेलं पाहिजे. त्याच्याशी ताडून पाहायचं. अशी तीन विक्रीची घरं लागतात."

"असंच म्हंजे?" भारतने विचारले.

"गोल."

साहेब प्रामाणिकपणे हिंडले, हे मी नाकारत नाही. वाटूर पालथे घातले. अंबडला चौकशी केली. कुंभार पिंपळगावच्या बाजारात गोल घर विकलेले पाहिले का म्हणून विचारले, तेव्हा एका म्हातारीने त्यांच्यापुढे कोंबड्या झाकायचे डालगे ठेवले. "घ्या साहेब. बिऱ्हाड लहान असंल तर मावतंय."

साहेब घामाघूम परतले. भारतने त्यांना जेवायला बसवले. मटणाची दुसरी वाढ होताच म्हणाला, "साहेब, गोलच पाहिजे ना? मंग घरच पाहिजे असं कुठंय?"

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना तीन विक्रीच्या वस्तू दाखवल्या : एक पडीक चुनभट्टी, एक भंगारात गेलेली पाण्याची टाकी आणि ज्वारी साठवायची पत्र्याची कोठी.

"टाकीत माणूस राहत नसतो, भारतराव," साहेब पुटपुटले.

"हितं तरी कोण राह्यलंय? एकटी म्हातारी. तिला दिसत बी न्हाई."

साहेब खाल्लेल्या मटणाला जागले. त्यांनी मला भट्टी, टाकी आणि कोठीशी ताडले. केशरबाईच्या तळव्याचा पट्टा पाहून 'भिंतीस ओल' असे ठरवले. निकाल दिला : घर मोडकळीस आलेले, मोल शून्य, वर पाडण्याचा खर्च.

वाटणीच्या दिवशी भिवाचा जुना साथीदार पुंजाराम मध्यस्थ म्हणून बसला. भारतने साहेबांचा निकाल भट्टी-टाकीसकट वाचून दाखवला आणि वाटे पाडले. एका वाट्यात कोरडवाहू माळाची पट्टी. दुसऱ्यात मी. पण मी केवळ ओझे, म्हणून माझ्या जोडीला विहिरीचे बागायती रान. एवढ्यानेही त्याचे मन भरेना. "आनि घर ज्याच्याकडं जाईल, त्याला दुसऱ्यानं दर साल पावसाळ्याआधी सोता येऊन डागडुजी करून द्यायची."

पुंजाराम म्हणाला, "तू तर पाडायचं म्हनतो. मंग डागडुजी कशाला?"

"पाडंपर्यंत गळाया नको का, काका?"

सुमेधा गोल घर घेणार नाही, याची त्याला पक्की खात्री होती. लहानपणापासून कोपऱ्यासाठी रडलेली पोर ती.

सुमेधा उचलायला पुढे झाली. तेवढ्यात केशरबाई पाणी आणायला उठली. भिंतीला तळवा लावून माठापर्यंत गेली, तांब्या भरला, तशीच परत आली. थेंब सांडला नाही. सुमेधा त्या पट्ट्याकडे बघत राहिली.

"आई, ही ओल हाय का?"

"कसली ओल? माझा रस्ता हाय त्यो."

"दुसरीकडं राह्यला येशील? माझ्याकडं, अंबडला?"

"येईन की. पर तुझ्या खोलीला कोपरे लई, बाई. मागच्या बारीला कपाळ फुटल्तं, तुला सांगितलं न्हाई."

सुमेधाने पदराने डोळे पुसले. "काका, मी घराचा वाटा उचलला."

भारत ताडकन उठला. "थांब, थांब! वाटे चुकले. परत पाडतो. घराची किंमत लई निघते, रस्त्याला लागून हाय!"

"काल तर भट्टी व्हती," पुंजाराम म्हणाला. "बस खाली. वाटे तूच पाडले, साहेब तूच आनला."

"दादा," सुमेधा म्हणाली, "डागडुजीला कधी येतोस तेवढं सांग. सोता येऊन म्हनाला होतास."

किंमत ठरवणाऱ्या थोरांना माझी एक विनंती आहे. माझ्यासारखे दुसरे सापडले नाही, तर टाकीकडे धावू नका. आत जो राहतो त्याला विचारा. तो आंधळा असला तरी विचारा.

आता दर वर्षी पावसाळ्याआधी भारत जालन्याहून येतो. शिडी लावतो, चुना कालवतो, सांधे भरतो. गवंड्याच्या पोटचा आहे. हात बरोबर चालतो. आत केशरबाई तळवा लावून फिरते, बाहेर तो थापी घेऊन फिरतो. ऊन चढले की तो सावलीचा कोपरा शोधतो. माझ्याकडे तो नाही. जे घर पाडायचे होते, ते त्याला उन्हात उभे राहून आपल्या हाताने मजबूत करावे लागते. आणि सांजेला वंदनेत, खोटे न बोलण्याच्या शीलाशी येताच, त्याचा आवाज आता पत्र्यापर्यंत पोहोचत नाही.