होडी विकणे आहे, पाण्यात घालून मिळणार नाही

जुनी म्हणा हवं तर, मित्रांनो, पण मोडकी म्हणू नका. मी समुद्रात जाणारी कयाक आहे. कयाक म्हणजे लांब, निमुळती, अंगानं सडपातळ होडी. माझ्यात दोन माणसं एकामागे एक बसतात आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यांनी मला चालवतात. वरून मी पिवळी आहे आणि पोटाकडून पांढरी. माझं आयुष्य कसं गेलं असं कुणी विचारलं, तर मी म्हणेन, छान गेलं. फक्त एका सकाळी माझा चांगुलपणाच मला नडला. सांगायचं आहे ते त्या सकाळबद्दलच, पण आधीचं थोडं ऐकून घ्या, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढं रडायला झालं तरी काय?

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. साच्यात फायबरचं कापड अंथरायचं आणि वरून ब्रशनं रेझिन नावाचा चिकट रस चोपडायचा, असं काम तिथं चाले. वास इतका उग्र की आल्यागेल्याचे डोळे चुरचुरत. माझं वरचं अंग आणि खालचं अंग वेगवेगळं घडलं आणि मग दोन्ही जोडून मधली फट बुजवली गेली. ज्या कारागिरानं ती बुजवली, तो दिवसभर शेजारच्याची टिंगल करत असे, पण कामात खोट काढायला जागा ठेवत नसे. माझ्या सामानाच्या कप्प्यात आजवर पाण्याचा थेंब शिरलेला नाही. या गोष्टीचा मला फार गर्व होता.

मला विकत घेतलं ते एका जोडप्यानं. मी त्यांना काका-काकूच म्हणते. काकांचं चष्म्याचं दुकान होतं आणि काकू टेलिफोनच्या कचेरीत होत्या, म्हणजे दिवसभर बोलणं हाच त्यांचा धंदा. काका तोलूनमापून वागणारे. डोळे तपासल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला चष्मा दिला नाही. मला घेतानाही त्यांची तीच अट होती, आधी पाण्यात घालून बघू. दोघं माझ्यात बसले, काठापासून जरा पुढे गेले आणि धाडकन उलटले. काका खोकत खोकत म्हणाले, "हिचा तोल काही बरोबर नाही." काकूंनी केस पिळत त्यांच्याकडे पाहिलं. "हिचा की तुमचा?" म्हणाल्या, "मला हीच हवी."

मग काय विचारता! त्यांचं घर खाडीच्या तोंडाशीच होतं. सुट्टी आली की मला चाकांच्या गाडीवर घालून उतारावरून खाली न्यायचं, पुढच्या जागेत काकू, मागच्या जागेत काका. मागच्याच्या पायाशी सुकाण असतं, म्हणून दिशा काकांची आणि वेग काकूंचा. भांडणंही तिथंच व्हायची. "जरा दमानं घे गं, शर्यत आहे का?" "तुम्ही नुसते पाणी ढवळताय, मला वाटलं कढी करताय!" परत आल्यावर दोघं मिळून मला गोड्या पाण्यानं धुवायचे आणि काकू जुन्या मऊ फडक्यानं पुसायच्या. शेजारीपाजारी म्हणत, स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा इतकी चमकत नाहीत. मला ते खरंच वाटायचं.

आणि मग काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. दवाखान्यातून घरी आणल्या तेव्हा त्या खुर्चीत बसून आल्या. "जीभ वाचली," त्या म्हणाल्या, "तुमचं नशीबच खोटं." काका हसले आणि मला ठेवायच्या शेडमध्ये येऊन, दार लावून रडले. शेड स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच होती, म्हणून त्यांनी तोंडात फडकं धरलं होतं. मला पुसायचं तेच फडकं.

त्यानंतर मी पाणी पाहिलं नाही. माझ्या अंगावर धूळ बसली. काकूंच्या जागेत एका मांजरीनं पिल्लं घातली आणि काकांनी तिला हाकललं नाही. ते रोज संध्याकाळी येऊन उभे राहायचे, माझ्या पुढच्या टोकावर हात ठेवायचे आणि जायचे. खिडकीतून काकू हाताचे व्यायाम करताना ऐकू यायच्या. एक कापडी चेंडू दाबायचा असे. सुरुवातीला काका मोठ्यानं म्हणायचे, "आज थोडा दाबला बरं का!" काकू काही बोलायच्या नाहीत, कारण चेंडू दाबला गेलेला नसायचा.

शेवटी घर सोडायचं ठरलं. घराला पायऱ्या फार, डॉक्टर लांब. शहरात लेकीच्या जवळ, लिफ्ट असलेल्या इमारतीत जागा मिळाली. तिथली बाल्कनी म्हणे इतकीशी की कपडे वाळत घातले तर माणसानं आत यावं. मग माझं काय? काकू म्हणाल्या, "विकून टाका. चालवणाऱ्याच्या घरी जाऊ दे." काका म्हणाले, "कशाला? तू बरी झालीस की लागेलच ना." काकूंनी त्यांना तिथंच अडवलं. "मी त्यात परत बसणार नाही. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मीच सांगते. जाहिरात द्या."

काकांनी दिली जाहिरात. पण शेवटी एक ओळ घातली: पाण्यात घालून मिळणार नाही. आता सांगा, समुद्रात न्यायची वस्तू पाण्यात न घालता कोण घेईल? एक दाढीवाले गृहस्थ आले. बोटांनी मला टकटक वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "एक फेरी मारून बघू?" काका गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "ते जमणार नाही." "अहो, मग आत पाणी येतं की नाही ते कळणार कसं?" "तसं असेल तर राहू द्या." गृहस्थ गेले. काका शीळ घालत माझ्या शेडमध्ये आले. त्यानंतर आणखी काही जण आले आणि तसेच गेले. काकूंनी विचारलं की काका सुस्कारा सोडून म्हणायचे, "लोकांना वस्तूची पारखच नाही गं."

पण काकू टेलिफोनच्या कचेरीत उगाच नव्हत्या बसल्या. दारात काय बोलणं होतं ते त्यांना खिडकीतून ऐकू येत होतं. एके दुपारी काका दुकानाची कागदपत्रं आवरायला गेले होते, तेव्हा काकूंनी डाव्या हातानं फोन लावला. मुलांना पोहायला शिकवणाऱ्या एका बाईंनी जाहिरात पाहून चौकशी केली होती, त्यांना. "हे बघ बाळ," काकू म्हणाल्या, "पाण्यात घालून बघते, असं म्हणूच नकोस. म्हणालीस की ते नाही म्हणतील. आलीस की सरळ घेते म्हण. होडी चांगली आहे. माझा शब्द समज." पलीकडून बाई काहीतरी विचारत असाव्यात. काकू म्हणाल्या, "नाही, फसवत नाही आहेत ते. त्यांना विकायची नाही आहे. ते अजून माझी वाट बघताहेत."

त्या बाई सकाळी आल्या, मित्रांनो. उन्हानं रापलेल्या, केस आखूड, चालणं झपझप. माझ्या अंगावरून त्यांनी बोट फिरवलं, कप्प्याचं झाकण उघडून आत वास घेतला, सुकाण हलवून पाहिलं. मला त्यांची घालमेल समजत होती. बरोबर धाकट्या बहिणीला समुद्रात न्यायचं होतं त्यांना. न तपासलेल्या होडीत लहान बहिणीला कोण बसवतं? त्यांनी खिडकीकडे पाहिलं. काकूंनी आतून डावा हात हलवला, नको, नको. बाईंनी झाकण लावलं आणि म्हणाल्या, "घेते मी, काका."

काका म्हणाले, "घेते म्हणजे? पाण्यात घालून मिळणार नाही बरं का."

"नको की. अशीच घेते."

इतके दिवस पुरलेली युक्ती अशी फुकट गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि मग एकदम आवाज चढवून म्हणाले, "असं कसं? आयुष्यभर मी डोळे तपासल्याशिवाय कुणाला चष्मा दिला नाही, आणि समुद्रातली होडी अशी देऊ? उद्या काही झालं तर? आधी पाण्यात घालून बघायची. नंतर बोलू." त्यांना वाटलं असेल, इतके दिवस कोरडी पडलेली होडी, कुठंतरी तडा गेलाच असेल. आत खिडकीत काकूंनी कपाळाला हात लावला. बाईंना मात्र मनातून हेच हवं होतं. त्या म्हणाल्या, "चला तर मग."

मांजरीची पिल्लं टोपलीत हलवली. मला चाकांवर घालून खाली नेलं. काकूंची खुर्ची काकांनी आधीच घरासमोरच्या ओट्याच्या कडेला आणून ठेवली होती, तिथून पाणी दिसतं. काका सवयीनं मागच्या जागेकडे वळले तर बाई म्हणाल्या, "काका, सुकाण मला बघायचंय, मी मागे बसते. तुम्ही पुढे या ना." काका काठावर उभेच. त्या जागेत ते कधी बसले नव्हते. मग बसले. पाय टेकायची पट्टी काकूंच्या मापाची, म्हणून काकांचे गुडघे छातीशी आले. बाई म्हणाल्या, "पट्टी सरकवू का?" काका म्हणाले, "नको. राहू दे तिथंच."

पाण्याचा स्पर्श झाला आणि खरं सांगते, मी सगळं विसरले. किती दिवसांनी! लाटा समोरून येत होत्या आणि पहिली सपकन काकांच्या तोंडावर बसली. दुसरीही. पुढच्याला पाणी लागतं आणि मागचा कोरडा राहतो, हे त्यांना इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. काकू भिजून परत यायच्या तेव्हा ते म्हणायचे, तुला वल्हं नीट मारता येत नाही. आता ते ओल्या चष्म्यानं समोर बघत होते. पुढं बसलं की समोर नुसतं पाणी दिसतं, मागचं माणूस दिसत नाही. काकू अशाच मध्येच विचारायच्या, "आहात ना?" आणि काका वैतागून म्हणायचे, "जातो कुठं?" त्या सकाळी, बऱ्याच आत गेल्यावर, काकांच्याच तोंडून निघालं, "आहेस ना?"

"आहे की, काका," मागून बाई म्हणाल्या.

काकांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. त्यांची पाठ हलायला लागली. बाई एकट्याच मला सरळ धरून राहिल्या. मित्रांनो, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण गळकं असावं. कुठंतरी एखादी फट असावी, कप्प्यात वाटीभर तरी पाणी असावं. म्हणजे बाई नको म्हणतील, आणि हा माणूस मला परत शेडमध्ये नेऊन ठेवेल. पण मला साधं गळताही येईना. सुकाण लोण्यासारखं वळलं. मी सरळ चालले. मी इतकी चांगली कधीच चालले नव्हते.

काठावर आल्यावर बाईंनी झाकण उघडलं. आत कोरडं ठणठणीत. त्या आनंदल्या, पण लगेच काकांच्या तोंडाकडे बघून सावरल्या. "काका," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. घेऊ का? तुम्ही नको म्हणालात तर मी जाते, मला राग नाही येणार." काकांना एक शब्द पुरला असता. जुनी झालीय म्हणाले असते, भरवसा नाही म्हणाले असते. त्यांनी माझ्या पुढच्या जागेकडे पाहिलं, मग वर ओट्याकडे. आणि म्हणाले, "घे. बहिणीला पुढं बसवशील तर तिला डोक्यावरून काहीतरी दे. पाणी फार लागतं तिथं."

बाईंनी मला ओट्याखाली उभ्या असलेल्या आपल्या मोटारीच्या टपावर उलटी घातली आणि दोर आवळायला लागल्या. काका निथळत ओट्यावर गेले. काकूंनी विचारलं, "काय झालं?"

"दिली."

मला वाटलं, काकू आता म्हणतील, सुटलो बाई एकदाचे. सगळं त्यांच्या मनासारखं झालं होतं. पण त्यांनी विचारलं, "इतक्या लवकर दिलीत?"

"अगं, तूच मागे लागली होतीस ना?"

"मी लागले होते. मला माहीतच आहे मी बसणार नाही ते." काकूंचा आवाज फुटला. झटका आल्यापासून त्या रडल्या नव्हत्या. "पण तुम्ही नाही नाही म्हणत होता, तोवर मला वाटायचं, एका माणसाला तरी वाटतंय की मी बसेन. आता तुम्हालासुद्धा कळलं."

काका त्यांच्या खुर्चीशी खाली बसले. मग म्हणाले, "जाऊन नाही म्हणून सांगू?" काकूंनी डाव्या हातानं डोळे पुसले. "नको. तिनं दोर बांधला."

आता मी बाईंकडे आहे. मी रोज पाणी बघते. बाईंची धाकटी बहीण पुढं बसते, पाय टेकायची पट्टी तिच्या मापानं सरकवली आहे, आणि ती धीट पोरगी आहे, मला आवडते. मला धुतात, पुसतात, सावलीत ठेवतात. मधूनमधून काकूंचा फोन येतो. "होडी कशी आहे गं?" बाई हौसेनं सांगतात, "एकदम मस्त आहे, काकू! थेंबभरसुद्धा पाणी येत नाही." पलीकडे जरा वेळ कुणी बोलत नाही. मग काकू म्हणतात, "बरं झालं हो." बाईंना वाटतं, आपण आनंदाची बातमी दिली.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, जुन्या वस्तू विकत घ्याल. जरूर तपासून घ्या, पाण्यात घालून बघा, त्यात कुणाचा अपमान नाही. वस्तू घरी आणलीत की तिला धुवा, पुसा, उन्हातान्हात टाकू नका. एवढं तर कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. ज्यांनी तुम्हाला ती दिली, त्यांना एकदा तरी आपल्या घरी बोलवा. काकूंच्या शहरातल्या इमारतीला लिफ्ट आहे, खुर्ची मोटारीत मावते, आणि काठापर्यंतचा आमचा रस्ता सपाट आहे. काकूंना माझ्यात बसवायला कुणी सांगत नाही. त्यांचा डावा हात चांगला आहे, तो माझ्या अंगावर ठेवता येईल. बाईंना हे अजून सुचलेलं नाही आणि मला त्यांच्याशी बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. कुणीतरी त्यांना सांगा, आणि जरा लवकर सांगा.