मिठाला एक चीर

रेवाबाईच्या घरात रॉकेल सगळ्यात कमी लागायचं. लढाईच्या त्या सालांत कोरीट गावचे लोक बाटलीभर रॉकेलासाठी नंदुरबारला खेपा घालत, आणि ही बाई अंधारात तिखटाचं बोळकं अचूक उचलायची. लहानपणी देवी आल्या नि डोळे घेऊन गेल्या. "आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं," असं तिच्या लग्नात बायका कुजबुजल्या होत्या. तीस वर्षांत तिच्या पिठाला कुत्र्याचं तोंड काही लागलं नाही.

यात अर्धा वाटा नवऱ्याचा, इंद्रसिंगचा. नवं मडकं आलं की विळ्याच्या टोकाने तो त्याच्या गळ्यावर चिरा ओढायचा. मिठाला एक, हळदीला दोन, तिखटाला तीन. हात नांगराचा, त्यामुळे चिरा वाकड्यातिकड्या. कधी मडकंच फुटायचं, मग दोघं हसत बसायची.

इंद्रसिंग तापाने तीन दिवसांत गेला. दहाव्याला सुतक फिटलं आणि रिवाजाप्रमाणे भावकीने घरातली सगळी मातीची भांडी बाहेर नेऊन फोडली. "एक तरी ठेवा," रेवाबाई म्हणाली. रिवाजापुढे कोण कुणाचं ऐकतो! कुंभाराकडून नवी आली, सगळी एकसारखी, गुळगुळीत. धानोऱ्याच्या जावेने, दिवलीबाईने, त्यांत मायेने मीठमसाला भरला. रेवाबाईला प्रत्येकात बोट घालून जिभेला लावावं लागलं. आपल्याच घरात ती चोरासारखी चाचपडत होती.

दिवलीबाईचा नवरा, दीर गोवाल, म्हणाला, "वहिनी, आते एकली कशी राहशी? आमनासंगे धानोराले चाल."

"मी मन्हा घरमाच राहसू, भाऊ. तू मडकास्वर चिरा वढी दे. मन्हा हातनी डाळ-भाकर खाय, अन् मंग बोल."

गोवालने चिरा ओढल्या. एकही मडकं फुटलं नाही. दोन दिवस तिने हात बसवला आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी एकटीने चूल पेटवली. गोवाल पोटभर जेवला.

"मीठ बरोबर, तिखट बरोबर. ऱ्हाय मंग आठेच, तुन्हा घरमा," तो म्हणाला आणि गाडी जुंपायला गेला.

रेवाबाई मिठाचं मडकं जागेवर ठेवत होती. बोट चिरेवर गेलं. चीर सरळ होती, दोरी धरून ओढल्यासारखी. तीस वर्षं रोज मीठ घेताना आपण नवऱ्याचा हात चाचपत होतो, हे तिला तेव्हा कळलं. तो गेला, हेही तेव्हाच कळलं. तेरा दिवस न रडलेली ती बाई चुलीपाशी बसून मोठ्याने रडली.

गोवाल धावत आत आला. "काय व्हयनं, वहिनी? काही चुकनं का?"

"काहीच नही चुकनं, भाऊ. समदं सापडनं. त्यास्ना हात तेवढा नही सापडना." तिने पदराने तोंड पुसलं. "माले तुमनासंगे धानोराले लई चाल."