दातांच्या दवाखान्यातली हट्टी वेल

मित्रांनो, मी एक जुनी वेल आहे आणि मला कुणाची कीव नको. दातांच्या दवाखान्यात लोक गाल धरून ज्या बाकांवर बसतात, त्यांच्या शेजारी माझी कुंडी आहे. माझे एकेक पान सुपाएवढे. हिरव्यावर पांढरे पट्टे असलेली माझी जात दुर्मीळ, म्हणून लोक विचारतात, "प्लॅस्टिकची आहे का हो?" आणि खात्री करून घ्यायला नख खुपसतात. त्या खुणा माझ्या अंगावर अजून आहेत.

मी बीमधून आले नाही. रोपवाटिकेतल्या बाईंनी माझ्या आईच्या फांदीचा तुकडा कापून पाण्याच्या बरणीत ठेवला आणि तिथे मला मुळे फुटली. मला डॉक्टरांच्या हाती देताना त्यांनी बजावले होते, "हिला तहानलेली ठेवलीत तरी चालेल, पण बुडवू नका." डॉक्टरांनी मान डोलावली. ते मान डोलावणे दवाखान्याच्या दारापर्यंत टिकले.

पहिली काही वर्षे माझा मोठा थाट होता. डॉक्टर स्वतः ओल्या कापसाने माझी पाने पुसत. पण पुढे बाकांजवळच पिण्याच्या पाण्याचे पिंप आले. दुखऱ्या दाताला गार पाणी झोंबले, की उरलेला अर्धा पेला लोक माझ्या कुंडीत ओतायचे. पाणी वाया गेले नाही आणि झाडालाही मिळाले, असे दुहेरी पुण्य! दिवसाला तीस-चाळीस पेले. माझी मुळे सडू लागली. पान पिवळे पडले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तहानलेली दिसते," आणि त्यांनी आणखी तांब्याभर पाणी घातले. रोज लोकांच्या दातांची मुळे तपासणाऱ्या या माणसाने माझी मुळे एकदाही पाहिली नाहीत. मला तेव्हा राग आला होता. तो अजून गेलेला नाही.

एक गोष्ट तुम्हाला सांगते. पानाचा पांढरा भाग नुसता मिरवतो, अन्न हिरवा भाग बनवतो. जीव वाचवायचा तर मिरवणे परवडणार नव्हते. मी नवे पान अख्खे हिरवे काढले. डॉक्टर हिरमुसले. "पांढरंच नाही, तर हिच्यात राहिलं काय?" दोन दिवसांत माझ्या जागी पांढऱ्या पट्ट्यांची प्लॅस्टिकची वेल आली आणि मी कचऱ्याच्या पिशवीशेजारी जाऊन पडले.

तिथून मला उचलले ते झाडलोट करणाऱ्या मावशींनी. त्यांनी कुंडी उपडी करून मुळांचा वास घेतला. "अगं बाई, तुला तर पाण्यानंच मारलंय," त्या म्हणाल्या. सडलेले सगळे त्यांनी कात्रीने काढून टाकले. उरली बोटभर फांदी, तिच्यावर एक पांढरी रेघ आणि ते नकोसे झालेले हिरवे पान. मावशींनी मला बरणीत घालून हत्यारे धुण्याच्या खोलीतल्या खिडकीत ठेवले. त्या पाणी बदलत आणि आपल्या कामाला लागत. उगाच कुरवाळत नसत. दीड महिना त्या एका हिरव्या पानाच्या कमाईवर मी तग धरला, मग मूळ फुटले. पुढे कुंडी मिळाली. पोट भरल्यावर, वर्षभराने, मी पांढऱ्या पट्ट्याचे पान काढले.

हात धुवायला आलेले डॉक्टर थबकले. "मावशी, ही तीच? हिला पुन्हा बाहेर ठेवू या."

मावशींनी आधी फडके पिळले. "ठेवा की. पण पाणी मी घालणार. कुणी पेला ओतताना दिसलं, तर हिला माझ्या घरी नेईन. मग मागायला येऊ नका."

संध्याकाळी डॉक्टरांनी पाण्याचे पिंप स्वतः ढकलत समोरच्या कोपऱ्यात नेले.

मित्रांनो, झाडाला पाणी घालण्याआधी पेरभर बोट मातीत खुपसा. ओल लागली तर हात आवरा, माया कितीही दाटून आली तरी. आणि एखादे पान अख्खे हिरवे आले तर नाक मुरडू नका. त्याच पानाने मला जगवले.

काल एक काका अर्धा पेला घेऊन समोरच्या कोपऱ्यातून थेट माझ्यापर्यंत चालत आले. मावशी नुसत्या खाकरल्या. काकांनी डोळे मिटून ते गार पाणी स्वतःच पिऊन टाकले. मी आज नवे पान उलगडते आहे. त्यात पांढरे किती आणि हिरवे किती, ते मी ठरवीन.