मिसरचा देव, रनाळ्याची आखाजी

पहिल्या महायुद्धात रेवजी पलटणीची खेचरं हाकत मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, गेला आणि परत आला तो नुसत्या थापा घेऊन, असं आमच्या रनाळ्याचं ठाम मत होतं. तिथले जुने लोक पहाटे देवाला उठवत, आंघोळ घालत, वस्त्र नेसवून जेवू घालत, इथवर कुणी हूं की चूं केलं नाही. पण पुढे तो म्हणाला, ओसिरिस नावाच्या देवाचे भावाने तुकडे केले, बायकोने ते हुडकून जोडले आणि नवऱ्याला उठवलं. म्हणून ते लोक मातीचा देव निजवून त्यात जव पेरत आणि कोंब आले की देव उठला म्हणून आनंद करत. तेव्हा मात्र पारावरची मंडळी हसून लोळली.

"रेवजी, हाई तं आपली गौराई शे!" वाहरू म्हणाला. "बाया टोपलीमा गहू पेरतीस. त्यानाकरता मिसर कसाले जावं?"

रेवजी पेटला. तिथल्या थडग्याच्या राखणदाराकडून त्याने मूठभर जव आणले होते, म्हणे हजारो वर्षांचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हे उगवून दाखवीन, नाहीतर मिसरचं नाव काढणार नाही, असं तो बोलून बसला. इतकं जुनं बी उगवत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला कळू नये? पण रेवजी चिडला की त्याची शेतकी रजेवर जायची.

त्याने ताटात हातभर मातीचा देव केला, जव पेरले आणि ताट बायकोच्या, रुक्मिणीबाईच्या स्वाधीन केलं. गौराईचा अंधारा कोपरा बायकांचा. आखाजीपर्यंत तिथे पुरुष डोकावत नाही. तो रोज दारातूनच विचारी, "उगना का वं?"

"देव निजेल शे, गलका करू नका," ती हसून म्हणे. हा माणूस परत येतो की नाही, या धास्तीत तिने लढाईची सगळी वर्षं काढली होती.

आखाजीला गाव रेवजीच्या ओट्यावर लोटलं. वाहरू सगळ्यांत पुढे. रुक्मिणीबाईने ताटावरची टोपली उचलली. देव डोक्यापासून पायापर्यंत हिरवागार!

मंडळींनी वाकून ताटात निरखून पाहिलं. शेतकऱ्यांचं गाव, ज्वारीचा कोंब कुणाला ओळखू येत नाही? मग वाहरूच ओरडला, "उठना रे, देव उठना!" बायांनी गौराईचं गाणं धरलं, आणि मीही आनंदाने टाळ्यांचा ठेका धरला.

रेवजी ताटावर वाकला. हळूच बायकोला म्हणाला, "हाई तं आपली जवारी शे."

रुक्मिणीबाईने पदराने डोळे टिपले.

"मंग? तुम्हीनच सांगं ना," ती म्हणाली, "देवले त्यानी बायकोनीच उठाडं."