गप्पीला काय येतं

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" बाई भर वर्गात उभ्या राहून म्हणाल्या, आणि मागच्या बाकांवरचे मास्तर खो खो हसले.

वर्ग शिक्षकांचाच होता. शाळा उघडायला आठ दिवस राहिलेले. बाहेर ऊन असं की पाय ठेवला तर भाजावा, आणि आसपासच्या गावांतले वीस-बावीस मास्तर-मास्तरणी बाजारगावच्या शाळेत लहान पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले. शिकवणारी मॅडम बाईंच्या लेकीच्या वयाची. तिचं एकच पालुपद: पोराला काय येत नाही ते राहू द्या, आधी काय येतं ते बघा, आणि तेच धरून त्याला वाचण्यापर्यंत आणा. आता तेवीस वर्षं फळ्यासमोर घालवलेल्या माणसाला हे कालच्या पोरीनं सांगायचं म्हणजे डोक्यात तिडीक जाणारच.

मॅडम काही चिडली नाही. ती म्हणाली, तुम्ही ज्याला पालथा घडा म्हणता असं एक पोर निवडा, तीन दिवस त्याच्या घरी जा, आणि त्याला काय काय येतं तेवढंच लिहून आणा. चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर वाचू.

बाईंना निवडायला वेळ लागला नाही. गप्पी. शेळ्या राखणाऱ्याची दहा वर्षांची पोरगी. तीन वर्षं बाईंच्या वर्गात शेवटच्या ओळीत बसली, पण तोंडातून शब्द काढील तर शपथ. पाटीवर सांगितलेलं अक्षर सोडून भलतंच काहीतरी गिरगटायची, आणि रागावलं की जमिनीकडे बघत राहायची. महिन्यापूर्वी निकाल लागला तेव्हा बाईंनी तिच्या निकालपत्रावर लाल शाईनं शेरा मारला होता, 'अभ्यासात गती नाही, घरकामास लावावी.' असा शेरा दरवर्षी चार-पाच जणांना मिळायचा. आईबाप घाबरायचे, पोराचा कान धरून अभ्यासाला बसवायचे, आणि पोर बरं वागायला लागायचं. बाईंची ती धमकी असायची, आणि गावालाही ते ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी बाई शेतं तुडवत गप्पीच्या घरी गेल्या. घर गावापासून लांब, मधली जमीन सुकून इतकी भेगाळलेली की चप्पल अडकावी. घरात आई आणि गप्पी. बाप चारा शोधायला गेलेला. बाई कागद घेऊन बसल्या आणि गप्पी करडाला मांडीवर घेऊन बसली. संध्याकाळपर्यंत कागदावर दोनच ओळी आल्या. शेळी धरता येते. बसून राहता येतं. दुसरी ओळ बाईंनी रागानंच लिहिली होती.

पण उठता उठता त्यांनी बघितलं की गप्पी एका गाभण शेळीच्या पोटाला हात लावून डोळे मिटून बसलीय.

"उद्या सकाळी," गप्पी म्हणाली. "दोन आहेत. एक आडवं आहे."

तीन वर्षांत बाईंनी त्या पोरीचा आवाज ऐकला नव्हता. तो चांगला खणखणीत होता.

दुसऱ्या दिवशी बाई पोचल्या तेव्हा दोन करडं आईला लुचत होती, आणि आडव्याला वळवून बाहेर काढलं होतं ते गप्पीनंच. मग तिनं बाईंचा हात धरून त्यांना गोठ्यामागं नेलं. तिथली मातीची भिंत कोळशानं भरून गेलेली. फाटका कान म्हणजे ही शेळी, वाकडं शिंग म्हणजे ती. शेजारी चंद्राची कोर म्हणजे फळली कधी, गाभण कधी राहिली ते. पाय दुखावला त्याची खूण वेगळी, पाला दिला त्याची वेगळी. एकेका शेळीची एकेक ओळ, डावीकडून उजवीकडं. बाईंनी मुद्दाम मधलीच खूण विचारली, खालची विचारली, वरची विचारली. पोरगी एकदाही चुकली नाही.

अहो, वाचन-वाचन म्हणतात ते दुसरं काय असतं? आणि हीच चित्रं पाटीवर काढली म्हणून बाईंनी तिच्या हातातली पेन्सिल हिसकावून घेतली होती. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खोटं कशाला बोला, आनंदही झाला. त्या दिवशी कागदावर सतरा ओळी झाल्या. घरी जाताना त्या वाटेवर एकट्याच बडबडत होत्या. फाटक्या कानाच्या खुणेशेजारी 'कान' लिहायचा, शिंगाशेजारी 'शिंग', महिनाभरात पोरगी वाचायला लागते की नाही बघा म्हणे.

तिसऱ्या दिवशी त्या खडूचा नवा डबा घेऊन गेल्या, तर गोठा रिकामा. बाप अंगणात दोर वळत बसलेला.

त्यानं उठून खाट झटकून दिली, पाणी दिलं, आणि सांगितलं की पहाटेच मामा कळप घेऊन गेला, गप्पीलाही घेऊन गेला. इकडं काडी उरलेली नाही, नदीच्या वरच्या अंगाला चारा आहे. मामाला मूलबाळ नाही. आता पोरगी तिकडंच राहणार, पुढंमागं कळप तिचाच.

"आणि शाळा?" बाईंनी विचारलं.

तो आत गेला आणि पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यात निकालपत्र होतं, चार घड्या करून फडक्यात बांधलेलं. त्याला वाचता येत नव्हतं. गिरणीवाल्याकडून त्यानं ते दोनदा वाचून घेतलं होतं. तिला पार शेवटपर्यंत शिकवायची असं त्याच्या मनात होतं. पण शिकलेलं माणूस लाल शाईनं लिहितंय म्हणजे विचार करूनच लिहीत असणार, असं म्हणून त्यानं मेव्हण्याला शब्द दिला.

गावानं जी धमकी समजली, ती ह्या भल्या माणसानं सल्ला म्हणून घेतली होती. बाईंच्या पायांखालची जमीनच सरकली. त्यांनी घाईघाईनं कागद काढला आणि सतराच्या सतरा ओळी वाचून दाखवल्या. तो मान खाली घालून ऐकत राहिला. लेकीचं कौतुक ऐकून त्याचे डोळे भरून आले.

"बाई, हे तर आम्हाला ठाऊकच होतं," तो म्हणाला. "म्हणून तर कळपाबरोबर धाडली. यात नवं काय लिहिलंत?"

"ह्यातूनच मी तिला वाचायला शिकवणार होते."

"तीन वर्षं होती की तुमच्यापाशी."

त्यात टोमणा नव्हता. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बाईंनी त्या आनंदानं ऐकल्या असत्या. आत्ता जाऊन परत आणू, मी स्वतः येते, असं त्या म्हणाल्या. पण कळप रस्त्यानं जात नाही, पाणी दिसेल तिकडं वळतो, आणि दिलेला शब्द मागं कसा घ्यायचा, हेही त्यानं हात जोडूनच सांगितलं. बैल गेला अन् झोपा केला, असलीच ही गत.

बाई निघाल्या, पण पाय गोठ्यामागं वळले. तिथं गप्पीची आई भिंतीसमोर उभी होती. एकेका ओळीवर बोट ठेवून ती पुटपुटत होती. लेकीनं तिला सगळं वाचायला शिकवलं होतं.

"ही कोण?" बाईंनी विचारलं. अंबाडा, पदर, आणि हात वर केलेली एक बाई. चेहरा नाही. अशा कितीतरी बायका भिंतीच्या कडेनं ओळीनं काढलेल्या.

"तुम्ही. शाळेत जायची त्या दिवसांच्या खुणा आहेत ह्या." आई ओशाळली. "पाठ काढलीय. तिला तुमची पाठच दिसायची म्हणे."

शेवटच्या दोन बायकांना मात्र डोळे होते. त्या कालच्या आणि परवाच्या. बाई तिथंच मातीत बसल्या आणि लहान पोरासारख्या रडल्या. आई बिचारी पाणी आणायला धावली.

चौथ्या दिवशी बाईंनी कागद वाचला. त्यात अठरावी ओळ घातली होती, 'दुसऱ्याला वाचायला शिकवता येतं.' सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मॅडमला तर काय करू नि काय नको झालं. असा कागद आजवर कुणी आणला नाही, हा भिंतीवर लावू, म्हणाली. मग तिनं विचारलं, ह्या मुलीला आता आपण एखादं वाक्य वाचायला देऊ, पहिलं कुठलं द्याल?

"मुलगी गेली, मॅडम," बाई म्हणाल्या. "तेवीस वर्षं लिहिते आहे. त्या घरानं माझं एकच वाक्य वाचून घेतलं, आणि ते खरं मानलं."