साठ किलोची बाई

पार्सलवालीला या भटकंतीतून मिळायच्या होत्या तेवीस रात्री. डोंगर, दऱ्या, सूर्योदय हे सगळं वरकड. शाळेपासूनची मैत्रीण, जी आता स्वतःच शाळेत चित्रकला शिकवणारी मास्तरीण झाली होती, तिच्या शेजारी एका तंबूत पडून तेवीस रात्री गप्पा मारायच्या, हा निव्वळ नफा. पार्सल कचेरीत वर्षभर सर्दीतापातही कामावर जाऊन तिने त्यासाठी रजा साठवल्या होत्या.

आणि मास्तरणीने परस्पर तिसरी आणली. व्यायामाच्या वर्गात भेटलेली एक नर्स.

"गोड आहे गं," मास्तरीण म्हणाली.

"चार महिन्यांत कळलं?"

"तुला चार मिनिटांत कळेल."

चार मिनिटांत कळलं, हेच तर दुखणं. शिवाय नर्स हिला 'ताई' म्हणायची. वयात अंतर दोन वर्षांचं.

तंबू दोन होते, एक दोघींचा, एक एकटीचा. नियम मास्तरणीचे. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझं कुणी घ्यायचं नाही आणि जिने ज्या तंबूत झोपायचं तिनेच तो वाहायचा. मोठ्या तंबूचं कापड मास्तरणीकडे. त्याच्या काठ्या-खुंट्यांची दोन किलोंची गुंडाळी जिच्या पाठीवर, तिची जागा मास्तरणीशेजारी. एकटीचा तंबू किलोभराचा.

एका संध्याकाळी मास्तरणीच्या घरी सामान जमिनीवर पसरलं आणि तोलायला बसली अर्थात पार्सलवाली. नर्स पन्नास किलोंची, म्हणजे ओझं दहा. तिचं स्वतःचं सामान आठच भरलं. बयेने टूथब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापली होती. दोन किलो शिल्लक. पार्सलवाली बावन्नची. सामान तोलून झालं तेव्हा तिच्याकडे जेमतेम एक किलो उरत होता. काट्याला जुनी मैत्री कळत नाही.

"बोल, तुझं वजन किती?" मास्तरणीने विचारलं.

"साठ."

"दिसत नाहीस गं."

"हाडं जड आहेत."

बायका काट्यावर चढताना कानातलंही काढून ठेवतात. हिने पदरचे आठ किलो घातले. काठ्या मिळाल्या.

"अजून सहाशे ग्रॅम मावतात तुझ्यात," म्हणत मास्तरणीने वर स्टोव्हही दिला.

"एकटीचा तंबू मलाच बरा," नर्स म्हणाली. "मी घोरते. वॉर्डातले पेशंट माझ्यामुळे जागे राहायचे."

मास्तरीण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. जागा हिने जिंकली आणि हशा मात्र तिने नेला.

घरी वहिनीने ती पिशवी उचलून पाहिली. "वन्सं, भटकायला निघालात की बिऱ्हाड हलवायला?"

रविवारी भरल्या पिशव्यांनिशी अठरा किलोमीटरची रंगीत तालीम होती. चढ निभावला. उताराला त्या दोघी पुढे निघाल्या आणि वळणापलीकडून हसण्याचा आवाज आला. कशाला हसताहेत? माझ्याशिवाय हसण्यासारखं आहे काय यांच्याकडे? पाय मोजून टाकायचं भान तिला राहिलं नाही. पळतच निघाली. तिसऱ्या ढांगेला डावा गुडघा मुरगळला आणि ती बसकण मारून खाली आली.

नर्स धावत मागे आली. पिशवी उतरवली, काखेत हात घालून हिला अलगद उभं केलं आणि कानाशी म्हणाली, "ताई, तुम्ही साठ भरत नाही. मी रोज माणसं उचलते."

मास्तरीण पोचली तेव्हा नर्स गुडघ्याला पट्टी बांधत होती. "पाय घसरला," एवढंच तिने सांगितलं. तिने चुगली केली असती तर पार्सलवालीला निदान मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या.

डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. निघायला दहा दिवस होते.

"रद्द करू का गं?" मास्तरणीने विचारलं.

'करते' नाही, 'करू का'. पार्सलवालीने दोन्ही शब्द तोलून पाहिले.

"जा तुम्ही," ती म्हणाली. मग पलंगावर बसल्या बसल्या तिने नव्याने वाटणी करून दिली. कापड मास्तरणीकडे, काठ्या नर्सकडे. काटा बरोबर जुळला.

मास्तरणीला सोबत मिळाली, नर्सला तेवीस रात्री मिळाल्या. दोघींच्या वाटणीचं सगळं एका डाव्या गुडघ्याने भरलं. आणि वर, ज्या बाईचं तोंड पाहायची इच्छा नव्हती, तिचे उपकारही पार्सलवालीच्याच नावावर चढले.