हिरवं घर आणि मी

जुनी म्हणा, विटकी म्हणा, पण मित्रांनो, मला फडकं म्हणू नका! मी गोधडी आहे. असोद्याच्या सुनंदाबाईंनी आपली मऊ झालेली लुगडी एकावर एक रचून मला शिवलं. टाके इतके बारीक की शेजारणी नुसत्या बघत राहायच्या. माझ्या उबेत त्यांचा हितेंद्र वाढला, पुढे त्याची मयुरीही वाढली. तेव्हाचा माझा थाट काय विचारता!

मग घरात गुबगुबीत ब्लँकेटं आली आणि माझी रवानगी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झाली. केळीच्या घडांना डाग पडू नये म्हणून मला खाली अंथरायचे. चिकाने मी काळी पडले. फार वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

यंदाच्या जानेवारीत शाळेत विज्ञान मेळावा भरला. नववीतल्या मयुरीचा विषय होता हरितगृह परिणाम. अभिमन सरांनी बजावलं होतं, "पहिलीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना समजलं, तरच तुला जळगावच्या प्रदर्शनाला पाठवीन." मयुरीला तर जायचंच होतं! तिने काचेचं घर बनवलं आणि 'हरित' म्हणजे हिरवं, म्हणून काचेला झकास हिरवा रंग फासला. रस्त्यात काच फुटू नये म्हणून हितेंद्रने मला त्याखाली घातलं. अशी मी शाळेत पोचले आणि काचेच्या घराशेजारी घडी होऊन पडले.

मयुरी सांगू लागली, "हरितगृहामुळे पृथ्वी तापते आहे..."

पहिलीतली पुनम थंडीने कुडकुडत उभी होती. तिने विचारलं, "ताई, आमच्या आबाचं घर बी हिरवंच हाय. मंग ते वाईट काहून?"

सगळी पोरं खो खो हसली. सर म्हणाले, "अगं मयुरी, आत झाडं वाढवतात म्हणून ते हरितगृह. काच रंगवायची नसते!"

मयुरीचा चेहरा पार उतरला. माझा जीव तिळतिळ तुटला. तेवढ्यात त्या पुनमने काय करावं? थंडी वाजते म्हणून सरळ मलाच ओढून अंगावर घेतलं! मयुरी तिच्याकडे बघतच राहिली.

"पुनम, आता कसं वाटतं?"

"मस्त!"

मयुरीने मला दुपदरी केलं, मग चौपदरी केलं. थोड्याच वेळात आतून ओरडा आला, "ताई, गरम होऊन राह्यलं! काढ मले!"

"पृथ्वीचंही असंच होतंय," मयुरी म्हणाली. पहिलीच्या पोरांनी लगेच माना डोलावल्या.

मग तिने सहावीच्या मुलांना विचारलं, "गोधडीत विस्तव आहे का?"

"नाही! ऊब पुनमच्याच अंगाची."

"बरोबर. पृथ्वी उन्हाने तापते आणि ती उष्णता बाहेर सोडते. हवेतली वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन तिला अडवतात. एवढं पांघरूण हवंच, नाहीतर पृथ्वी गारठून जाईल. पण कोळसा, डिझेल जाळून आपण वर पदरामागून पदर चढवतोय."

दहावीतला दीपक भलताच चिकित्सक. तो म्हणाला, "पण गोधडी तर गरम हवा कोंडते. वायू तसं करतात का?"

अगं बाई! आता काय? पण मयुरी डगमगली नाही. "नाही करत. जमिनीतून उष्णतेचे किरण निघतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. हे वायू ते किरण शोषतात आणि त्यातली काही उष्णता परत खाली पाठवतात. रीत वेगळी, पण ऊब अडते ती अडतेच."

दीपकनेच पहिली टाळी वाजवली. मग सगळं पटांगण दणाणलं! सर म्हणाले, "मयुरी, तू जळगावला जायचंस. हिरवं घर इथेच राहू दे, गोधडी घे." मयुरीने मला घट्ट छातीशी धरलं. अहो, आनंदाने माझे टाके उसवायचेच बाकी होते!

जळगावात मी टेबलावर ऐटीत बसले. धुळ्याची, यावलची पोरं रांग लावून माझ्याखाली शिरली, घामाघूम होऊन हसत बाहेर आली. मयुरीला पहिला नंबर मिळाला. ढाल घेताना तिने मला खांद्यावर टाकलं होतं.

मित्रांनो, तुम्हाला उकडलं की तुम्ही मला लाथेने झटकून देता. पृथ्वीला ते जमत नाही. म्हणून जन्मभर सगळ्यांना ऊब देत आलेली ही गोधडीच तुम्हाला सांगते आहे, पृथ्वीच्या अंगावर आता आणखी काही घालू नका.